खदानीतल्या बाया आणि १ फेब्रुवारी १९४६

आपल्याला तारखा पाठ असतात. १ जानेवारी भीमा कोरेगावची, २० मार्च चवदार तळ्याची, २५ डिसेंबर मनुस्मृती जाळल्याची. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर तर आपण झोपेतही सांगू. मी आज एक तारीख सांगतो, ती आपल्या कुठल्याच कॅलेंडरात नाही. १ फेब्रुवारी १९४६. या दिवसापासून, कोळशाच्या खदानीत बाईनं जमिनीखाली उतरायचं नाही, ही सरकारी बंदी पुन्हा लागू झाली. दुसरं महायुद्ध संपलं होतं. जपान शरण येऊन साडेपाच महिने झाले होते. सरकारला आता खदानीच्या पोटात बाई नको होती.

माझी आजी त्या बायांतली एक. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका खदानीत ती लढाईच्या काळात अडीच वर्षं उतरली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, टोपल्यात कोळसा. आजा तोडायचा, आजी उचलून टबात भरायची. वर माझा बाप आठ-नऊ वर्षांचा, धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आईची वाट बघत बसलेला.

१९७४ साली मी नागपूरला कॉलेजात होतो. आमचं अभ्यासमंडळ चालायचं. एका बैठकीत एक मास्तर बोलले की, बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना आपल्या आयाबहिणींना खदानीच्या अंधारातून बाहेर काढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुटीत घरी आलो तेव्हा मोठ्या अभिमानानं हे आजीला ऐकवलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"खदानीतून काहाडलं म्हंते तुहा मास्तर? मंग बाबू, त्या दिशी आम्ही रडलो काहून?"

मला उत्तर देता आलं नाही. आजी पुढं एवढंच बोलली, "घेतलं तव्हा कोनं इचारलं नाही. काहाडलं तव्हाही कोनं इचारलं नाही." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याला रोजची अगरबत्ती तीच लावायची. म्हणजे तिच्या मनात बाबासाहेबांविषयी काही वाकडं होतं असं नाही. पण मास्तरांची गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. मग खरं काय घडलं? हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो आजवर. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा दहावा खंड १९९१ साली आला. मजूरमंत्री म्हणून त्यांनी केलेली भाषणं त्यात आहेत. ती वाचली तेव्हा आजी उरली नव्हती. म्हणून तिला द्यायचं उत्तर तुम्हाला देतो आहे.

आधी लढाईच्या मागं जाऊ.

कोळशाच्या खदानीत बाई काही १९४३ साली पहिल्यांदा उतरली नाही. झरिया, राणीगंज, इकडं मध्यप्रांतात पेंच खोरं, चांदा, सगळीकडं खदान सुरू झाली तेव्हापासून बाई खाली होतीच. कंपनी एकटा पुरुष कामावर घेत नव्हती, जोडी घेत होती. नवरा कोळसा तोडणार, बायको टोपल्यानं टबापर्यंत नेणार. मजुरी टबावर. टब भरला तर पैसे, नाही भरला तर नाही. बंगाल-बिहारकडं या बाईला 'कामिन' म्हणत. १९२० च्या सुमारास कोळसा खदानीतल्या दर तीन मजुरांत एक बाई होती. आणि बाई कोण? संथाळ, बाउरी, भुइया, मुसहर. आमच्या खदानीवर गोंड, महार आणि छत्तीसगडकडून पोट भरायला आलेली कुटुंबं. गावात ज्यांची सावली नको होती, त्यांच्या बायका जमिनीच्या पोटात चालत होत्या. तिथं कोळशानं सगळ्यांचंच तोंड काळं, म्हणून विटाळ थोडा कमी. एवढाच काय तो फायदा.

खदान चांगली होती असं मी म्हणतो आहे असं कुणी समजू नका. खाली उकाडा, धूळ, पाणी. शौचाची सोय नाही. पोटात मूल असलेली बाई शेवटच्या महिन्यापर्यंत टोपलं उचलायची. आजीची सासू अशीच काम करून गेली. तिची किती मुलं पोटातच मेली याचा हिशेब घरात कुणी ठेवला नाही. तेव्हा खदानीचे गोडवे गाणारा माणूस एक तर मालक असेल, नाही तर कवी.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. विलायतेत १८४२ सालीच कायदा होऊन बाईचं जमिनीखालचं काम बंद झालं होतं. हिंदुस्थानात तीच राणी, तेच सरकार, पण बंदी यायला पुढं ऐंशीच्या वर वर्षं लागली. कारण उघड आहे. इथं बाई स्वस्त होती. १९२९ साली नियम झाले. बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्यप्रांताच्या कोळसा खदानींतून बाई एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं काढायची. पहिल्या वर्षी जमिनीखालच्या मजुरांत शंभरी २९ बाया चालतील, मग दरसाल ३ कमी करत जायच्या, १९३९ पर्यंत शून्य. मालकांना सवय मोडायला दहा वर्षं दिली. बाईला दुसरं काम शोधायला काय दिलं? काही नाही. पुढं ही मुदतही अलीकडं ओढली आणि ऑक्टोबर १९३७ पासून बाई जमिनीखाली पूर्ण बंद झाली. १९३५ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं याच विषयावर करार केला होता, हिंदुस्थान सरकारनं १९३८ साली त्याच्यावर शिक्का मारला. कागदावर काम फत्ते.

जमिनीवर काय झालं ते साधं आहे. जोडीची मजुरी गेली, एकट्याची उरली. बाया वर आल्या त्या कोळशातले दगड वेचायला, वाघिणी भरायला. मजुरी खालच्यापेक्षा कमी. तेही काम सगळ्यांना नाही.

असं दुसरं महायुद्ध आलं.

१९४२ साली जपान ब्रह्मदेशापर्यंत आला. पूर्वेकडं विमानतळ, रस्ते, लष्करी छावण्यांची कामं निघाली. तिथं उघड्यावरचं काम आणि रोकड मजुरी. खदानीतला पुरुष खदान सोडून तिकडं पळाला. त्यानं का पळू नये? १९४३ साली बंगालात दुष्काळ, लाखो माणसं मेली. इकडं रेल्वेला कोळसा पाहिजे, दारूगोळ्याच्या कारखान्यांना कोळसा पाहिजे, गिरण्यांना कोळसा पाहिजे, आणि कोळसा तर उतरणीला लागलेला. गोरखपूरकडून मजूर भरती करून छावण्यांत ठेवले, तरी भागेना. मग सरकारला आठवण झाली बाईची. ऑगस्ट १९४३ मध्ये आधी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात बंदी उठवली. त्या वर्षाअखेर बंगाल-बिहारकडंही उठवली. पाच वर्षांपूर्वी ज्या करारावर सही केली तो बाजूला ठेवला. बाईची तब्येत, अब्रू, माणुसकी, जे जे १९२९ साली बोलले होते ते सगळं लढाई संपेपर्यंत गुंडाळून ठेवलं.

आता मुद्द्यावर या. तेव्हा मजूरखातं कुणाकडं होतं? बाबासाहेबांकडं. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद होते. मास्तरांच्या गोष्टीत हे पान फाडलेलं होतं. बंदी उठली ती बाबासाहेबांच्या खात्याच्या काळात. ही गोष्ट लपवून आपण त्यांचा मान वाढवत नाही. आपले विरोधक ती आपल्या तोंडावर फेकतील तेव्हा आपण बावचळू. त्यापेक्षा आपणच वाचू, आपणच सांगू.

हे सांगताना त्यांच्या आधीच्या कामाचाही धागा सोडू नये. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची पगारी सुटी देण्याचं बिल आलं. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं की, आईला विश्रांती मिळणं यात सगळ्या समाजाचं हित आहे, म्हणून मुळात हा भार सरकारनं उचलावा. पण बाईच्या कामातून मालक नफा काढतो, तेव्हा तोही जबाबदारीतून सुटत नाही. १९२९ साली मुंबईत तो कायदा झाला, १९३० साली मध्यप्रांतातही तसाच झाला. पण हे कायदे कारखान्यातल्या बाईसाठी. खदानीतल्या बाईला बाळंतपणाचा कायदा १९४१ साली मिळाला, आणि बाबासाहेब मजूरखात्यात आल्यावर १९४३ आणि १९४५ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. १९४५ ची दुरुस्ती तर खास जमिनीखाली उतरणाऱ्या बाईसाठी होती.

दुसरा धागा नागपूरचा. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. हजारो बाया आल्या होत्या. त्या बायांनी नुसती हार घालून भाषणं ऐकली नाहीत. त्यांनी ठराव केले. गिरणीत, विडी कारखान्यात, म्युनिसिपालिटीत, रेल्वेत राबणाऱ्या बाईला पगारी रजा मिळावी, कामावर दुखापत झाली तर भरपाई मिळावी, बाया जिथं काम करतात तिथं देखरेखीला बाईच असावी. १९४२ साली, आपल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायांनी हे मागितलं. पुढच्या वर्षी जेव्हा खदानीतली बंदी उठली, तेव्हा सरकारातल्या कुणालाही वाटलं असतं तर विचारायला बाया नागपूरलाच होत्या.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले. खाणीत खाली उतरले. पुरुष आणि बाया काम करताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, मजुरांच्या राहण्याच्या खोल्या पाहिल्या. व्हाइसरॉयच्या मंडळातला मंत्री आणि खदानीच्या पोटात! जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवायचा आणि त्यातून मजुरांची घरं, दवाखाने, पाणी बघायचं.

मग आला ८ फेब्रुवारी १९४४. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात या बंदी उठवण्यावर वाद झाला. सरकारवर हल्ला करणाऱ्यांत पुढं होत्या रेणुका रे, सरकारनंच बायांच्या प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या. अखिल भारतीय महिला परिषदही बंदी उठवण्याच्या विरोधात उभी होती. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. करार मोडला होता हे खरं. बाईला खाली पाठवण्यापेक्षा पुरुषाची मजुरी वाढवा म्हणजे तो परत येईल, हा युक्तिवादही खोटा नव्हता.

बाबासाहेबांनी उत्तर दिलं. ते टाळ्या घेणारं उत्तर नाही. सरकारनं हे मोठ्या नाखुशीनं केलं आहे, ही अडीअडचणीची सोय आहे, कायमची नाही, कोळशाची नड आहे तोवरच, असं त्यांनी सांगितलं. आणि मग सांगितलं की आम्ही अटी घातल्या आहेत. कमी उंचीच्या गॅलरीत बाईला लावायचं नाही. आणि जमिनीखाली बाईला पुरुषाएवढीच मजुरी द्यायची. बाई-पुरुष न बघता सारख्या कामाला सारखी मजुरी हे तत्त्व आपल्या देशातल्या उद्योगात बहुधा पहिल्यांदाच मान्य झालं आहे, असं ते त्या दिवशी म्हणाले.

मित्रांनो, इथं थांबा. समान वेतनाचा कायदा या देशात १९७६ साली झाला. बाबासाहेबांनी तत्त्व मांडलं १९४४ साली. आणि कुणासाठी मांडलं? टायपिस्ट बाईसाठी नाही, मास्तरणीसाठी नाही. डोक्यावर कोळशाचं टोपलं घेणाऱ्या संथाळ, बाउरी, गोंड, महार बाईसाठी. आपली शाळेची पुस्तकं उघडा. महायुद्धातल्या बाईचं चित्र असेल तर विलायतेतल्या नाही तर अमेरिकेतल्या कारखान्यातलं असेल, डोक्याला रुमाल बांधलेल्या गोऱ्या बाईचं. त्या बाईलाही लढाई संपल्यावर घरी पाठवलं, ती कथा वेगळी. पण आपल्या खदानीतल्या बाईचं चित्र नाही ते नाहीच.

तत्त्व मान्य झालं. पण हातात काय पडलं? आजीला मी हे विचारलं होतं, तेव्हा मला समान वेतन वगैरे शब्दही नीट ठाऊक नव्हते. तिनं सांगितलं की टबाची नोंद आज्याच्या नावावर व्हायची. पगाराच्या दिवशी अंगठा आजा लावायचा. "पैशे दोघायचे, नाव एकाचं." म्हणजे दर सारखा झाला, पण बाईचा हिशेब बाईच्या नावानं झाला नाही. हे सगळ्या खदानींत असंच होतं का, मी छातीठोक सांगत नाही. आमच्या घरची गोष्ट सांगतो. पण मजुरी टबावर आणि काम जोडीवर असेल तिथं समान दर हा बाईच्या ओंजळीत पोचेलच असं नाही, एवढं तर कळतंच. कायद्याला तिथं मुन्शीच्या वहीपर्यंत जावं लागतं. बाबासाहेबांनी दरवाजा उघडून दिला. वहीपर्यंत जायचं काम युनियनचं होतं, आणि युनियनचे पुढारी पुरुष.

तरीही आजी त्या अडीच वर्षांबद्दल कशी बोलायची सांगतो. हाल सांगायची, तोंडात भाकरी जाताना कोळशाची चव यायची ते सांगायची. आणि मध्येच म्हणायची, "पन त्या सालात घरात दाना होता बाप्पा." धाकट्या मुलीला पहिल्यांदा नवं लुगड्याचं कापड घेतलं तेही तेव्हाच.

मग लढाई संपली. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत आली. बाबासाहेब तेव्हाही मजूरखात्यात होते. त्यांनी कायदेमंडळात शब्द दिला होता की ही सोय कायमची नाही. तो शब्द पाळला गेला. म्हणजे मास्तरांची गोष्ट अर्धी खरी. बायांना खदानीतून बाहेर काढलं हे खरं. आत नेलं तेव्हाही आपलंच खातं होतं, आणि आत असताना पुरुषाएवढा दर मागून घेतला तोही आपल्याच माणसानं, हेही तेवढंच खरं. तिन्ही एकत्र सांगितलं तर बाबासाहेब लहान होत नाहीत. परक्या सरकारात, लढाईच्या कोंडीत, सापडेल त्या फटीतून बाईसाठी काही ओढून आणणारा माणूस दिसतो. फोटोतल्या माणसापेक्षा मला तो जवळचा वाटतो.

पण आजीच्या रडण्याचं उत्तर अजून मिळालं नाही.

बंदी आली तेव्हा सोबत काम आलं नाही. हे त्याचं उत्तर. खाली उतरणाऱ्या बाईला वर तेवढ्याच मजुरीचं काम देणं मालकावर बांधलेलं नव्हतं. समान मजुरी जमिनीखाली होती, बाई वर आली आणि समान मजुरी खालीच राहिली! वर पुन्हा बाईचा दर वेगळा, पुरुषाचा दर वेगळा. यातली थट्टा बघा. लहान मुलांसाठी खदानीवर पाळणाघरं बांधायचे नियम झाले १९४६ साली. बाई खाली होती तेव्हा मूल वर धुळीत बसलेलं. पाळणाघराचा कागद निघाला त्याच वर्षी बाई बाहेर. वर काम करणाऱ्या बायांना त्याचा उपयोग झाला असेल, व्हावाच. माझा बाप आणि आत्या मात्र तोवर धुळीतच वाढले होते.

आजी काही दिवस वाघिणी भरायला गेली. मग ठेकेदारानं ते काम पुरुषांना दिलं. मग ती निंदणाला गेली, विड्या वळल्या, शेवटी लाकडाच्या मोळ्या विकल्या. लढाईत जिची गरज होती ती बाई लढाई संपल्यावर चार वर्षांत मोळीविकी झाली.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. याच लढाईत आपले पुरुषही गेले. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार पलटण उभी राहिली, पुढच्या वर्षी कामठीला दुसरी बटालियन. हक्काची भरती, बाबासाहेबांनी भांडून मिळवलेली. लढाईनंतरही रेजिमेंट टिकली, आजही आहे. आमच्या वस्तीत दोन घरांत त्या पलटणीतल्या आजोबांचे फोटो आहेत, पदकांसकट. त्यांना पेन्शन मिळाली, गावात मान मिळाला, पोरं शिकली. मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच लढाईसाठी, त्याच सरकारासाठी, त्याच वस्तीतल्या बाया जमिनीखाली उतरल्या. त्यांचा फोटो एकाही भिंतीवर नाही. त्यांना पदक नाही, पेन्शन नाही, हजेरीच्या वहीत धड नावही नाही. सरकारनं विसरावं, ते सरकारच. आपण का विसरलो?

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती अजून संपलेली नाही. संविधान आलं. ३९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखं वेतन, ४२ व्या कलमात कामाची माणुसकीची परिस्थिती आणि बाळंतपणाची सोय, हे राज्याच्या धोरणात लिहिलं गेलं. १९५२ च्या खाण कायद्यानं जमिनीखालची बंदी कायम केली, रात्रीच्या कामाचीही बंदी घातली. मग १९७१ ते १९७३ च्या दरम्यान कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. पगार वाढले, नोकरी पक्की झाली, क्वार्टर आले. आणि जशी नोकरी पक्की झाली तशी ती बाईच्या हातून निसटली. यंत्रं आली, ती चालवायला बाईला कुणी शिकवलं नाही. वर कंपन्यांनी योजना काढल्या की बाईनं मुदतीआधी राजीनामा द्यावा, म्हणजे तिच्या जागी मुलाला घेऊ. घराघरांत बायांवर दबाव आला. आईची नोकरी म्हणजे मुलाची वतनदारी झाली. वतनाविरुद्ध लढलेल्या समाजातही कित्येक घरांत आईचा अंगठा असाच घेतला गेला. मी पाहिलं आहे. आमच्या नात्यातलंच सांगतो, आईच्या जागी लागलेला पोरगा पुढं आईला विचारेना.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बाईला पुन्हा जमिनीखाली जायला मोकळीक दिली. दिवसा, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, आणि बाईच्या लेखी संमतीनं. ते वाचलं तेव्हा आजीचं वाक्य आठवलं. ७३ वर्षांनी का होईना, बाईला विचारायचं असतं हे कागदावर आलं. पण त्यातली गोम बघा. ती अधिसूचना तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांबद्दल बोलत होती. म्हणजे इंजिनियर झालेली मुलगी खाली जाईल, जावीच, माझ्या नातीच्या वयाच्या पोरी उतरल्या तर मी पेढे वाटीन. पण टोपलं उचलून ज्यांनी ती खदान चालवली त्यांच्या लेकीसुनांसाठी त्यात जागा नव्हती. ती पोरगी आजही ठेकेदाराकडं रोजंदारीवर झाडू मारते, नाही तर रस्त्यावर सांडलेला कोळसा वेचते.

एवढ्या सगळ्यातून मला जे कळलं ते सांगतो आणि थांबतो.

लढाई आली की बाईची ताकद एकाएकी सापडते. लढाई संपली की बाईचा नाजूकपणा एकाएकी सापडतो. दोन्ही शोध दुसऱ्यांनीच लावलेले असतात. आपल्या बाईच्या बाबतीत तर तिसरीही गोष्ट आहे. तिला कामातून काढताना जो कळवळा दाखवला जातो, तो काम जड आहे म्हणून असतो, मजुरी कमी आहे म्हणून नसतो. मैला डोक्यावरून वाहायचं काम जड नव्हतं? त्यातून बाईला काढायचा कायदा यायला १९९३ साल उजाडावं लागलं. तिथं कुणाची लढाई अडली नव्हती.

म्हणून, कुठल्याही घातक कामातून बाईला काढा, असं म्हणणाऱ्याला आपण आधी विचारायचं: काढून कुठं नेणार? मजुरी किती देणार? आणि तिला विचारलं का? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर ते संरक्षण नाही, ती कामावरून हकालपट्टी आहे. संरक्षणाला भाकरी जोडलेली पाहिजे. १९२८ साली बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या बिलावर हेच सांगितलं होतं: विश्रांती द्या, पण पगारासकट.

आणि दुसरं सांगणं तुम्हा पोरापोरींना. तुम्ही मोर्चे काढता, घोषणा देता, चांगलं आहे. पण एक दिवस वही-पेन्सिल घेऊन वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. खदान, गिरणी, विडी, वीटभट्टी, बांधकाम, जिथं ती राबली ते लिहून घ्या. कोणत्या सालात काय मजुरी होती, पैसे कुणाच्या हातात पडायचे, काम का सुटलं. तिच्या बोलीत लिहा, सुधारू नका. खदानीत उतरलेल्या त्या वेळच्या बाया आता राहिल्या नाहीत, पण त्यांच्या लेकी आहेत, त्यांनी ऐकलेलं आहे. त्याही जातील. मी स्वतः हे काम वीस वर्षं उशिरा सुरू केलं, म्हणून सांगतो. आजीला मी एकच प्रश्न विचारला, तोही अर्धवट. दहा विचारायला हवे होते.

पुढच्या १ फेब्रुवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही बसणार आहोत. भाषण ठेवलेलं नाही. ज्यांच्या घरातली बाई खदानीत उतरली होती त्यांनी तिचं नाव सांगायचं, आणि ते वहीत लिहायचं. वहीत पहिलं नाव माझ्या आजीचं आहे. तिच्यापुढं काम, साल आणि मजुरीचे रकाने आखले आहेत. मजुरीचा रकाना रिकामा आहे. आज्याच्या नावावरून तो भरायचा नाही, एवढं आम्ही ठरवलं आहे.

जयभीम.